टोल-दोन, टोल-चार

डोक्याला मार लागलेला माणूस आयसीयूत असतो, तेव्हा बाहेरच्या बाकावरचे नातेवाईक एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकतात: सूज. सूज उतरू द्या, मग बघू. प्रयोगशाळेत मात्र याच सुजेबद्दलचं मत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच फिरलं आहे. ते कसं फिरलं, हे बघण्यासाठी जरा मागं जावं लागतं.

1962 साली एमआयटीतल्या जोसेफ आल्टमन यांनी उंदरांच्या मेंदूला इजा केली आणि किरणोत्सारी थायमिडीन टोचलं. विभागणारी पेशी ते आपल्या डीएनएत उचलते, म्हणजे नव्यानं जन्मलेली पेशी ओळखू येते. चेतापेशींवरही ती खूण दिसली, तेव्हा त्यांनी शोधनिबंधाला मथळाच प्रश्नार्थक दिला: प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का? 1965 मध्ये गोपाळ दास यांच्या साथीनं त्यांनी स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातला सविस्तर पुरावाही मांडला. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. प्रौढ मेंदूत नवं काही उगवत नाही, हे चेतापेशींचे आद्य अभ्यासक काहाल यांच्या काळापासूनचं मत सगळ्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

मग 1992 मध्ये कॅल्गरीच्या रेनॉल्ड्स आणि वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून मूळपेशी काढून बशीत वाढवून दाखवल्या. 1998 मध्ये एरिक्सन आणि गेज यांनी माणसाचा पुरावा आणला. कर्करोगाच्या रुग्णांना निदानासाठी पेशी-खुणेचं औषध दिलं होतं. त्यांतल्या पाच जणांचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी सापडल्या.

आशा अर्थातच भरमसाट वाढली. मेंदू स्वतःच स्वतःची डागडुजी करणार! 2002 मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या गटानं हिशेब मांडला. उंदरात पक्षाघातासारखी इजा केल्यावर नव्या पेशी जखमेकडे निघतात, पण त्यातल्या बहुतेक काही आठवड्यांत मरतात. इजेत मेलेल्या चेतापेशींपैकी जेमतेम 0.2 टक्क्यांची भरपाई होते. हजारामागे दोन.

बाकीच्या का मरतात? 2003 मध्ये दोन गटांनी जवळजवळ एकाच सुरात उत्तर दिलं: सुजेमुळे. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशी खवळल्या की नव्या पेशींचा जीव जातो. लुंडमध्ये मिनोसायक्लीन देऊन आणि स्टॅनफर्डमध्ये इंडोमेथासिन देऊन दाह कमी केला, तेव्हा नव्या चेतापेशी पुन्हा दिसू लागल्या. सूज हाच शत्रू, असा निष्कर्ष निघाला.

तो फार दिवस टिकला नाही. 2004 मध्ये ‘क्रॅश’ या मोठ्या चाचणीचे निकाल आले. डोक्याला मार लागलेल्या 10,008 प्रौढांपैकी निम्म्यांना सूज उतरवणारं स्टेरॉइड दिलं होतं. दोन आठवड्यांत स्टेरॉइडच्या गटात 21.1 टक्के दगावले, दुसऱ्या गटात 17.9 टक्के. चाचणी मूळपेशींची नव्हती, त्यामुळे ती या कथेत ओढून आणताना मी जपून बोलतो. पण दाह सरसकट दाबणं म्हणजे उपचार, हा भाबडेपणा तिनं मोडला.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या मिशल श्वार्ट्झ यांनी पुढचा धक्का दिला. 2006 मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या टी पेशी नसलेल्या उंदरांत नव्या चेतापेशी कमी तयार होतात. म्हणजे प्रतिकारशक्ती मारते, तशी जोपासतेही. आणि 2007 मध्ये आला तो निबंध, ज्याच्यासाठी हा सगळा मागोवा.

त्याआधी ‘टोल’बद्दल दोन शब्द. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ भारी, भन्नाट. फळमाशीच्या अळीत न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या गटाला हे जनुक सापडलं आणि उद्गाराचंच नाव झालं. 1996 मध्ये स्ट्रासबुर्गच्या हॉफमन यांच्या गटानं दाखवलं की याच टोलमुळे माशी बुरशीशी लढते. 1998 मध्ये बॉयटलर यांना उंदरात जिवाणूंच्या विषाची चाहूल घेणारा टोल-चार सापडला. दोघांना 2011 चं नोबेल मिळालं. हे टोल म्हणजे पेशीच्या दारावरचे ग्राही, आणि त्यांना फक्त जिवाणूच कळतात असं नाही. फुटलेल्या पेशींतून सांडलेलं सामानही कळतं. म्हणून डोक्यावर आघात झाला की जंतूचा मागमूस नसतानाही धोक्याची घंटा वाजते.

श्वार्ट्झ यांच्या गटाला दिसलं ते असं: मूळपेशींच्या स्वतःच्याच अंगावर टोल-दोन आणि टोल-चार आहेत. म्हणजे मूळपेशी नुसती सुजेची बळी नव्हे, ती घंटा स्वतः ऐकते. ज्या उंदरांत टोल-दोन नव्हता, त्यांच्यात नव्या चेतापेशी कमी झाल्या. ज्यांच्यात टोल-चार नव्हता, त्यांच्यात मूळपेशी जास्त विभागल्या आणि चेतापेशीही जास्त बनल्या. सख्खी भावंडं, एक पुढे ढकलणारं, दुसरं मागे ओढणारं. हे उंदीर जखमी नव्हते, हेही सांगायला हवं. पण सूज चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा होता, एवढं त्या दिवशी ठरलं.

मग टोल-चारचं तोंड बंद केलं की झालं? मेंदू-संशोधक विजयालक्ष्मी शांताकुमार यांच्या गटानं 2015 मध्ये जखमी उंदरांत तसं केलं, तर हिप्पोकॅम्पसमधली वाढलेली विद्युत-उत्तेजना शमली. निरोगी उंदरांत तेच औषध दिलं, तर उलट उत्तेजना वाढली. त्याहून मला खटकलेला, आणि म्हणून आवडलेला, निकाल त्यांच्याच गटाचा, 2017 चा. इजेनंतर सुरुवातीला नव्या चेतापेशींची भरती येते, आणि पुढे ती ओसरून पातळी समवयस्क निरोगी उंदरांच्याही खाली जाते. शिवाय फिट येण्याची शक्यता वाढते. नव्या पेशी जास्त म्हणजे मेंदू बरा, हे समीकरण ज्यांनी वर्षानुवर्षं गृहीत धरलं, त्यांना हा चांगलाच चिमटा होता.

माणसाबाबत भांडण वेगळंच. 2018 मध्ये एका गटानं सांगितलं, प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी नाहीतच. त्याच वर्षी दुसऱ्यानं सांगितलं, म्हातारपणीही आहेत. 2025 मध्ये स्टॉकहोमच्या फ्रिसेन यांच्या गटानं जन्मापासून 78 वर्षांपर्यंतच्या वयोगटातले मेंदू तपासून विभागणाऱ्या पूर्वज-पेशी दाखवल्या. प्रौढांपैकी काहींत त्या भरपूर होत्या, तर काहींत जवळपास नव्हत्याच.