बाण उरले, आकडे गेले

मायकेल फॅरडेने १८२५ साली बेंझीन वेगळे केले, त्याला २०२५ मध्ये दोनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने अकरावीच्या एका शिकवणीच्या नोट्स चाळल्या आणि राग आला. ‘रेझोनन्स’खाली दोन षटकोन आणि मध्ये समतोलाचे अर्धबाण! म्हणजे बेंझीन घटकेत असे, घटकेत तसे. स्फटिकशास्त्रज्ञ लॉन्सडेलबाईंनी १९२९ मध्ये क्ष-किरणांनी बेंझीन-कडे सपाट, समभुज असल्याचे दाखवले, त्यालाही आता शतक होत आले.

केकुलेची १८६५ची रचना आणि पाउलिंगचे १९३९चे पुस्तक यांच्यामधला इतिहास सगळ्यांना पाठ आहे. मला आठवते ते ऐंशीचे दशक. तेव्हा मी बी.एस्सी.ला शिकवत होतो, हाताशी मॉरिसन-बॉइडचे पाठ्यपुस्तक. हिशेब किलोकॅलरीत चालायचा. सायक्लोहेक्झीनमध्ये दुहेरी बंध एक. त्याला हायड्रोजन जोडला की मोलमागे २८.६ बाहेर पडतात. बेंझीनच्या तीन बंधांचे किती? मुले गुणाकार करून ८५.८ सांगत. मग मी मोजलेला आकडा लिहायचो: ४९.८. दोनच दुहेरी बंध असलेला सायक्लोहेक्झाडायीनसुद्धा ५५.४ देतो, तीनवाला त्याहून कमी! ‘सर, छत्तीस गेले कुठे?’ हे कुणीतरी विचारेपर्यंत मी रेझोनन्सचे नाव काढत नसे. ते छत्तीस कुठे गेलेले नसतात, बेंझीन मुळातच तेवढा अधिक स्थिर असतो. मग लांब्या: एकेरी बंध १.५४ अँगस्ट्रॉम, दुहेरी १.३४, बेंझीनचे सहाही बंध १.३९. रेणू एकच आहे. दोन चित्रे लागतात ती आपल्या कागदाला, कारण एका चित्रात ते इलेक्ट्रॉन मावत नाहीत. हे मुलांना तेव्हा उमगे, चेहऱ्यावर दिसे.

‘दोन मार्कांसाठी अख्खा तास?’ असे एक सहकारी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत म्हणाले होते. तेच मत पुढे जिंकले. आज प्रवेश परीक्षेच्या तयारीत रचना किती काढता येतात ते मोजायला शिकवतात. त्या का काढाव्या लागतात, ते नाही. कार्बोनेटच्या तीन रचना धडाधड काढणाऱ्या मुलाला त्याचे तिन्ही बंध सारख्याच लांबीचे असतात हे माहीत नसते. हे शिक्षण नव्हे, हाताला लावलेले वळण आहे.

अकरावीला शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बाण काढण्याआधी ८५.८ आणि ४९.८ फळ्यावर लिहा, आणि मुलांना विचारू द्या.