हुरड्याचा हक्क

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' असे एक सदर असते. कर्जाचा बोजा, विहिरीतील हिस्सा इत्यादी गोष्टी तेथे नमूद होतात. महसूल खात्यात कारकुनी करीत असता अशी शेकडो सदरे आम्ही लिहिली. परंतु आमच्याच घरचा एक हक्क कोठेही लिहावयाचा राहून गेला. तो हुरड्याचा होय.

आमची जमीन मोहोळ तालुक्यात. वडील रब्बीस मालदांडी पेरीत. मात्र बांधालगत चार ओळी गुळभेंडीच्या, खास हुरड्यासाठी, राखीत. पौषात दाण्यात चीक भरला म्हणजे आठ-दहा दिवस काय ते हुरड्याचे. पुढे दाण्यातील साखरेचे पिठूळ द्रव्य बनते आणि गोडी उतरते. त्या दिवसांत आमची वडील भगिनी अक्का मुलांना घेऊन माहेरी येई. दिवाळी चुकली तरी हा फेरा चुकत नसे. वडील आगटीत गोवऱ्या पेटवून कणसे निखाऱ्यांत खुपशीत, तळहातावर चोळीत, फुंकर घालून तूस उडवीत आणि पहिला घास अक्काच्या ओंजळीत घालीत. आम्ही धाकटे रुसत असू. सोबत तिळाची चटणी, गूळ व बांधावरची बोरे. वडिलांचा चेहरा आज आठवावयास प्रयास पडतात. परंतु गोवरीच्या धुराचा वास आला की त्यांचे काळवंडलेले तळहात तत्काळ डोळ्यांपुढे येतात. गंधाचे ज्ञानतंतू मेंदूतील स्मृतीच्या व भावनेच्या स्थानांशी फार निकट जोडलेले असतात, असे शास्त्रज्ञ सांगतात.

१९९४ साली वडील वारले. वारसनोंदीत अक्काचे नाव लागले. पुढे तिने हक्कसोडपत्र करून दिले. त्याचा मसुदा आम्हीच लिहिला, हे येथे लपवीत नाही. सही करताना ती एवढेच म्हणाली, "जमीन तुम्हांला लखलाभ. मला पौषात हुरड्याला बोलवीत जा, म्हणजे झाले." आम्ही दोघा भावांनी माना डोलाविल्या. उजनीच्या कालव्याचे पाणी हाताशी होते. दोन वर्षांत बांधापासून बांधापर्यंत ऊस झाला. उसाने कर्ज फिटले, मुलींची लग्ने झाली, घरावर माडी चढली; त्यास दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. पण गुळभेंडीच्या ओळी गेल्या आणि त्यांबरोबर अक्काचे येणेही गेले. बोलावणे कशाचे धाडावे? रागावल्याचे ती कधी बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

गतवर्षी पौषात तिचाच निरोप आला. तिचे सासर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात. तेथील ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आम्ही दोघे गेलो. आगटी पेटलेली होती आणि शेजारी गुळभेंडीचा वाफा उभा होता. बियाणे आमच्याच घरचे! वडिलांनी शेवटच्या वर्षी दिलेली दोन कणसे तिने नेली होती आणि तीस वर्षे दरसाल पेरून राखली होती. ज्वारी बहुतांशी स्वपरागी असली तरी थोडा परसंकर होतोच. म्हणून ती बियाण्याची कणसे कडेच्या ओळी टाळून वाफ्याच्या मध्यावरून निवडते, आढ्यास टांगून वाळविते आणि दाणे राखेत घालून मडक्यात ठेवते. हे तिला कोणी शिकविले नव्हते.

पहिला हुरडा तिने धाकट्याच्या ओंजळीत घातला, दुसरा आमच्या. आम्हांस घास उतरेना.

"चटणी तिखट झाली का रे?" अक्काने विचारले.

आम्ही होय म्हणालो.

यंदा विहिरीजवळचा दोन गुंठे ऊस मोडून तिने दिलेले दाणे पेरले आहेत. भोवती सर्वत्र ऊस असल्याने शिवारातील सारी पाखरे ह्याच तुकड्यावर उतरतात. धाकटा बंधू सकाळपासून गोफण घेऊन बसतो. अक्कास बोलावणे गेले आहे.