तळपायांची आग

वस्ती झोपते तेव्हा काहींच्या तळपायांत आग सुरू होते. मुंग्या येतात, सुया टोचतात, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. साखर तपासायला आम्ही घरोघर जातो, तेव्हा आयाबाया हे अगदी शेवटी, उठता उठता सांगतात. घरचे म्हणतात, 'मनाचे खेळ!' तसं नाही. वाढत्या साखरेनं नसा खराब होतात, त्यांचं हे दुखणं.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या नसांचं दुखणंही होतं. १९४८ च्या सुरुवातीला, घटनेच्या मसुद्याचं काम चालू असताना, त्यांच्या कितीतरी रात्री या दुखण्यानं झोपेविना गेल्या. त्यांना कोण म्हणेल, मनाचे खेळ?

मेडिकलवरची अंगदुखीची गोळी इथे फारशी चालत नाही. रोज खाल्ली तर किडनीवर येते. डॉक्टर कधी अ‍ॅमिट्रिप्टिलीन देतात. 'ही तर डिप्रेशनची गोळी' असं कुणी म्हटलं की घरात ती लगेच बंद! अहो, तीच गोळी कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यावर देतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा. गरम विटेनं पाय शेकू नका, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही.

घाटीत गेलात की नुसती फाईल पुढे करू नका. चपला काढा, दोन्ही पाय दाखवा.