निवळीचा रंग आणि शेजारचा फ्लास्क

स्ट्रेप्टोमायसिस हा मातीतला जिवाणू वाढवलेली बशी उघडली की पहिल्या पावसाचा वास येतो. तो जिओस्मिन या संयुगाचा. धातूचे अतिसूक्ष्म कण जिवाणूंकडून बनवून घेण्याच्या कामात हा वास विसरू नये, कारण ही विद्या जिवाणू मातीतच शिकलेले आहेत. विरघळलेली चांदी जिवाणूला विषासमान. तिच्या आयनांचे घन धातूत रूपांतर करणे हा त्याचा एक बचाव. चांदीच्या खाणीत सापडलेला स्यूडोमोनास स्टुट्झेरी 200 नॅनोमीटरपर्यंतचे स्फटिक पेशीत साठवतो, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. 2003 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी थर्मोमोनोस्पोरा या जिवाणूकडून पेशीबाहेरच सोन्याचे कण मिळवले, सरासरी 8 नॅनोमीटरचे. असे सव्वा लाख कण ओळीने मांडले तर कुठे एक मिलिमीटर भरतो.

कृती साधी आहे. जिवाणू वाढवायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी काढायच्या, निवळीत सिल्व्हर नायट्रेट घालून अंधारात ठेवायचे. फिकट पिवळी निवळी तपकिरी होते आणि सगळ्यांचे डोळे तिथे खिळतात. माझ्या मते खरे पाहावे ते शेजारच्या फ्लास्ककडे, ज्यात जिवाणू न घातलेले तेच पोषक द्रावण आणि तीच चांदी आहे. पोषक द्रावणातला यीस्टचा अर्क आणि उजेडही चांदीचा रंग बदलू शकतात. शेजारचा फ्लास्क बदलला नाही, तरच श्रेय जिवाणूचे.

हीच कसोटी जिवाणूंच्या या कृतीला लावल्या जाणाऱ्या ‘हरित पद्धत’ या बिरुदालाही लावावी. रासायनिक पद्धत विषारीच असते, हे खरे नाही. 1951 पासून सोन्याचे कण सोडियम सायट्रेटने मिनिटांत बनतात. जिवाणूंना तास, कधी दिवस लागतात, आणि माध्यम 121 अंशांवर निर्जंतुक करण्याची वीज वेगळीच. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. उत्तर जिवाणूंच्या प्रथिनांत आहे. ती कणांना वेढून एकमेकांना चिकटू देत नाहीत. कोणते प्रथिन किती आकारावर कण थांबवते, हे कळले तर 8 नॅनोमीटर हा योगायोग उरणार नाही, मनाजोगता मिळणारा आकार होईल. ते ज्ञान मौल्यवान आहे, बिरूद नव्हे. शिवाय कण कसेही बनवा, सांडपाण्यातून मातीत गेलेली चांदी तिथल्या जिवाणूंना मारक ठरू शकते. म्हणून या पद्धतीला हरित म्हणण्याआधी वीज, वेळ आणि उरलेल्या चांदीचा हिशेब मांडा.