बदलापूरच्या उकाड्यात सुगंधी ऑर्किड

‘आपल्याकडच्या उकाड्यात ऑर्किड कुठलं जगतंय?’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात झाडांचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. ऑर्किड म्हणजे थंड हवेचं, एसीत ठेवायचं, श्रीमंताघरचं फूल, अशी समजूत घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे. ऑर्किड म्हणजे आपली आमरी. महाराष्ट्रात तिच्या शंभराहून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या कित्येक सुवासिक आहेत. सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा, तसंच एरिडिस मॅक्युलोजा आणि व्हँडा टेसेलाटा या जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मे महिन्याचा ताव आणि त्यामागून येणारा धो धो पाऊस दोन्ही सोसतात. पहिल्या दोन तर पावसाळ्याच्या तोंडावरच फुलतात. थंडी लागते ती सिम्बिडियमसारख्या हिमालयाच्या कुशीतल्या जातींना. तसलं रोप इथे आणायचं आणि ते फुललं नाही म्हणून सगळ्या कुळाला नावं ठेवायची, हा अन्याय आहे.

‘ऑर्किडला वास नसतो’ हा दुसरा गैरसमज. भेट म्हणून मिळणारी फेलेनॉप्सिस आणि लग्नाच्या सजावटीतली डेंड्रोबियम ही बहुतेक संकरित रोपं. रंग आणि टिकाऊपणा यांसाठी त्यांची निवड झालेली असते, त्यामुळे सुगंध मागे पडला. शिवाय ऑर्किडचा सुगंध माणसासाठी नसून परागीभवन करणाऱ्या कीटकासाठी असतो. त्यामुळे त्याची वेळही त्या कीटकाच्या सोयीची. व्हँडा टेसेलाटा ऊन चढलं की दरवळते. ब्रासावोला नोडोसा ही मध्य अमेरिकेतली, आपल्या हवेत छान रुळणारी जात दिवसभर गप्प असते आणि रात्री घमघमते. सकाळी सातला एकदा हुंगून ‘वास नाही’ असा निकाल देऊ नका.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती मात्र मातीमुळे. ‘कुंडी, काळी माती, शेणखत आणि रोज तांब्याभर पाणी’ ही जास्वंदीची रीत इथे चालत नाही. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांना हवा लागते. मूळ नीट पाहा: कोरडं असताना ते चंदेरी पांढरं दिसतं. त्यावर पाणी फवारलं की बघता बघता हिरवं होतं. ते पांढरं म्हणजे मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण. ते पाणी पटकन शोषून घेतं आणि ओलं झालं की पारदर्शक होतं, म्हणून आतला हिरवा रंग दिसतो. हा हिरवा भाग पानासारखंच अन्नही तयार करतो. असं मूळ चिखलात गाडलं तर कुजणारच. पाण्याची वेळही तेच सांगतं. मुळं पुन्हा चंदेरी झाली की पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा.

म्हणून लाकडी टोपली घ्या. उल्हासनगरचा फर्निचर बाजार जवळच आहे. तिथे कुणाकडे सागाच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे मिळाले तर उत्तम टोपली होते. फक्त पॉलिश मारलेलं लाकूड आणि प्लायवूड नको. आत धुतलेला लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे भरा. नारळाची सोडणं सगळेच सुचवतात, पण आपल्या पावसात ती आठवडेच्या आठवडे ओली राहतात आणि सडतात. मी ती टाळायला सांगेन.

कारण या भागातली खरी परीक्षा उन्हाळा नव्हे, पावसाळा आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, इतका पाऊस इथे कोसळतो. व्हँडा, सीतेची वेणी यांना वाढीचा शेंडा एकच असतो. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं आणि वारा नसला तर तो कुजतो, आणि मग रोप बहुधा हातचं जातं. जंगलात ही रोपं फांदीवर तिरकी किंवा लोंबती वाढतात, पाणी आपोआप निथळतं. तुम्हीही टोपली थोडी कलती टांगा, वारा खेळेल अशी. पावसाच्या झडीत ती ग्रिलच्या आत घ्या.

उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली ठेवून सकाळ-संध्याकाळ फवारणी करा. थंडीत पाणी कमी करा. प्रकाश पुरेसा आहे का, हे पानं सांगतात. गडद हिरवी पानं दिसायला छान, पण ती प्रकाश कमी पडल्याची खूण आहे आणि असं रोप फुलत नाही. किंचित पिवळसर हिरवी हवीत. खत अगदी पातळ. बोअरवेलच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे क्षार साचत असतील तर पावसाचं पाणी पिंपात साठवून वापरा.

‘ऑर्किड म्हणजे बांडगूळ, झाडाचा रस शोषतं’ हेही खरं नाही. बांडगूळ आपली शोषकमुळं फांदीत घुसवतं. आमरी फक्त सालीला धरून बसते आणि पाणी घेते ते पावसाचं, धुक्याचं. त्यामुळे झाड वाचवायचं म्हणून ती उपटून टाकू नका.

आणि जंगलातून तर मुळीच आणू नका. राखीव वनातून रोपं काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. जंगली वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या साइट्स करारातही संपूर्ण ऑर्किड कुळाचा समावेश आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारण मोठं आहे. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. लाखो बियांतून एखादंच रोप उभं राहतं आणि त्याला फुलायला काही वर्षं लागतात. बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर ऑर्किडचं बी रुजवण्याची पद्धत लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये मांडली. त्याच वाटेने प्रयोगशाळेत तयार झालेली रोपं आज रोपवाटिकांत मिळतात. तीच घ्या आणि घेताना जातीचं नाव विचारून घ्या.

पावसाळ्यात रस्त्याकडेच्या झाडाची फांदी मोडून पडली आणि तिच्यावर आमरी दिसली, तर तिला कचऱ्याच्या गाडीत जाऊ देऊ नका. शेजारच्या झाडावर, सावलीच्या बाजूला, मुळं सालीला टेकतील अशी सुतळीने बांधा.