घर चुकलेला केस

होसकोट्याहून रोज स्कूटरवर व्हाइटफिल्ड गाठणारी एखादी मुलगी शनिवारी पायांचं वॅक्सिंग करून घेते. दोन-तीन आठवडे सगळं छान. मग मांडीवर, जिथे जीन्स घासते तिथे, मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या उठतात. उजेडात नीट पाहिलं तर एखादीच्या आत काळं वेटोळं दिसतं. तो केसच असतो. वाढतोय, पण बाहेर यायची वाट चुकलाय.

वॅक्सने केस मुळासकट निघतो असं आपण म्हणतो खरं, पण केस घडवणाऱ्या पेशी कातडीत जागच्या जागीच राहतात आणि लगेच नव्या केसाच्या कामाला लागतात. या नव्या केसाचं टोक निमुळतं, मऊ. तोवर मेलेल्या पेशींनी छिद्राचं तोंड बुजलेलं असलं, तर ते फोडायची ताकद त्याच्यात नसते. मग तो आडवा पसरतो. कुरळ्या केसाचं मूळच वाकडं, त्यामुळे तिथे हा त्रास जास्त. दाढीचं वेगळंच: ब्लेडने केस तिरपा, टोकदार कापला जातो, बाहेर येऊन वळतो आणि पुन्हा कातडीत शिरतो. स्ट्राउस आणि क्लिगमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९५६ साली त्यावर लिहिलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. केस केराटिनचा, कातडीचा वरचा थरही केराटिनचाच. म्हणजे अगदी घरचा माणूस. पण हाच केस स्वतःच्या पिशवीची भिंत भेदून जरासा पलीकडे गेला, की शरीर त्याला ओळख दाखवत नाही! पायात काटा मोडल्यावर जे होतं तेच इथे होतं: पांढऱ्या पेशी धावून येतात, जागा लाल होते, सुजते. जंतू नसतानाही. ते बहुतेकदा आपण नखं लावल्यावर येतात. या गडबडीत रंगद्रव्याच्या पेशीही चेवतात, म्हणून आपल्या सावळ्या कातडीवर पुटकुळी गेली तरी डाग कित्येक महिने हटत नाही.

अर्धा बंदोबस्त पार्लरमध्येच होतो. केस तांदळाच्या दाण्याएवढा वाढलेला हवा. कातडी ताणून धरायची आणि पट्टी कातडीलगत, आडवी ओढायची. वर उचलून ओढली की केस मध्येच तुटतो आणि खुंट आत राहतो. नंतर एक-दोन दिवस सैल सुती कपडे; जीन्सला सुट्टी. मग आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने स्क्रब. खसाखसा घासणं हा शुद्ध वेडेपणा. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं लोशनही उपयोगी, कारण ते तेलात विरघळतं आणि तेलकट छिद्रात आतवर पोचतं. गरोदर असाल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पुटकुळी आलीच, तर तिथलं वॅक्सिंग थांबवा, कोमट ओल्या फडक्याने दहा मिनिटं शेका. वेटोळं अगदी वर दिसत असेल तर निर्जंतुक सुईने टोक फक्त मोकळं करा. उपटू नका, उपटलात तर तोच केस पुन्हा तसाच येईल. दर वेळी हेच होत असेल तर लेझर हा पर्याय आहे. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग त्यातल्या त्यात सुरक्षित. लाली पसरू लागली, ताप आला किंवा मधुमेह असेल, तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील, तर पार्लरच्या अक्कांना आधी सांगा. अशा कातडीवरून पट्टीबरोबर सालही निघते.