फियाट जुनी, पण तिच्यातले जुने किती?

जुन्या फियाटचे सुटे भाग आजही मिळतात आणि अडचण नेमकी तिथून सुरू होते. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' बाजारात आणली, १९७४ साली ती 'प्रीमिअर पद्मिनी' झाली आणि २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. साडेतीन दशके अंगकाठी जवळपास तीच राहिली. साहजिकच नव्वदच्या दशकातील पद्मिनीचे अनेक भाग साठच्या दशकातील डिलाइटला बिनतक्रार बसतात. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली; मोडीत निघालेल्या अशा टॅक्सींचे अवयव कुर्ल्याच्या भंगार बाजारातून नवी मुंबईच्या गॅरेजांतही पोहोचतात.

हौसेपुरती गाडी चालवणाऱ्याला याचे सोयरसुतक नसते. मात्र जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणी हवी असेल, तर प्रथम नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्याही आता या पन्नाशीत आल्या आहेत.

परीक्षेची सुरुवात पत्र्यापासून करावी. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. खाडीच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात तिची जमीन आणि दरवाजांखालच्या पट्ट्या आधी कुजतात. कारखान्यातील जोडावर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात. मागाहून बसवलेल्या पत्र्यावर वेल्डिंगची सलग, ओबडधोबड रेघ उमटते. पुट्टीचा जाड थर असेल तिथे लोहचुंबक चिकटत नाही. मूळ रंग पाहायचा तर बोनेटवर नव्हे, डॅशबोर्डच्या मागे आणि गालिच्याखाली पाहावा. डिकीत सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची भोके सापडली, तर तो पत्रा कुठून आला हे वेगळे विचारायला नको.

इंजिनाची गोष्ट अधिक नाजूक. मूळ पेट्रोल इंजिन १,०८९ सीसीचे. ब्लॉकवरील क्रमांक आरसी बुकाशी जुळला तर उत्तम. न जुळल्यास इंजिन बदलल्याची अधिकृत नोंद आहे का, ते पाहावे. आकड्यांखालचा पृष्ठभाग घासलेला वा आकडे वाकडेतिकडे ठोकलेले दिसले, तर प्रश्न अस्सलपणाचा राहत नाही, पोलिसांचा होतो.

बाकी भागांचे वय त्यांची घडण सांगते. स्टिअरिंगखालचा गिअर जुना. जमिनीवरचा गिअर उत्पादनाच्या अखेरच्या काळातील 'एस-वन'ची खूण. डिलाइटमध्ये डायनॅमो होता, अल्टरनेटर पुढे आला. 'मायको' कंपनीचे नाव २००८ साली 'बॉश' झाले, त्यामुळे जुन्या भागावरील मायकोचा शिक्का निदान तो कधीपर्यंतचा आहे हे सांगतो. (अर्थात स्पार्क प्लगवरून कोणी गाडीची जात ठरवू नये; तो झिजण्यासाठीच असतो.) ब्रेकच्या होज, टायर, वायरिंग यांत जुन्याचा हट्ट धरणे हा तर निव्वळ धोका आहे. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणेही समजण्यासारखे आहे, फक्त काढलेला डायनॅमो भंगारवाल्याला देऊ नये. उतरवलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवणारा आणि कामाची छायाचित्रे काढणारा मालक पुढच्या तपासणीत निम्मे वाद टाळतो.

सर्वांत दुर्लक्षित मूळ भाग म्हणजे नंबर. मुंबईच्या त्या काळातील गाड्यांचे क्रमांक 'एमआर', 'एमएम' अशा अक्षरांनी सुरू होत. साठच्या दशकातील गाडीवर वाशी आरटीओचा 'एमएच-४३' दिसला, तर ती बहुधा परराज्यातून येऊन येथे नव्याने नोंदली गेलेली असते. व्हिंटेज नियमांत आधीच नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक कायम ठेवता येतो. 'व्हीए' अक्षरांची नवी मालिका केवळ नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहे.